पीजी कशात?

आपल्या संघटनेच्या स्नेहमेळाव्यात जेवणाची रांग लागली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मुलगा काय करतो? मुलगी काय करते? पीजी कशात?" आपल्यापैकी बहुतेकांची मुले आता त्या वयाची आहेत. कुणी रेडिऑलॉजी सांगतो, कुणी अस्थिरोग, तर कुणी 'यंदा दुसरा प्रयत्न आहे' असे जरा खालच्या आवाजात सांगतो. माझ्यावर हा प्रश्न आला की मी हातातले ताट सावरत 'इंग्लंडमध्ये मास्टर्स करते आहे' एवढेच बोलून विषय बदलत असे.

एकदा मात्र एका ज्येष्ठ शल्यविशारद स्नेह्यांनी मला सोडले नाही. "मास्टर्स कशात?" "संगीतात." "वा, गाते का?" "नाही. ट्रॉम्बोन वाजवते." ते क्षणभर थांबले. "म्हणजे लग्नाच्या बँडात ते पुढे-मागे सरकवतात ते?" मी म्हटले, "तेच." त्यांनी मान डोलावली आणि शांतपणे वरणभात वाढून घेतला. त्यांच्या मनात उपहास नव्हता, हे मी जाणतो. पण त्या रात्री घरी परतताना मला स्वतःचीच लाज वाटली. लाज मुलीच्या वाद्याची नव्हती. माझ्या आवाज खाली आणण्याची होती.

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी वैद्यकेतर विषयावर लेख मागितला, तेव्हा हा प्रसंग आठवला. मी संगीतातला जाणकार नाही. परंतु पितळी वाद्यांचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे काय असते, हे मला बाप आणि डॉक्टर या दोन्ही नात्यांनी कळत गेले. बऱ्याच उशिरा, आणि बऱ्याच विरोधानंतर. ते आपल्यापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम कबुली देतो की या साऱ्याची सुरुवात माझ्याच सल्ल्याने झाली. बेळगावात कॅम्पाच्या आसपास ज्यांचे बालपण गेले, त्यांना मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातून येणारा बिगुल वेगळा सांगायला नको. आमच्या घरात घड्याळापेक्षा त्यावर जास्त विश्वास होता. मुलगी लहानपणापासून दमेकरी. ढग दाटून आले की तिची छाती वाजू लागे. नेब्युलायझर, स्पेसर, पीक फ्लोची वही, हे सारे आमच्या घरात पाटी-पेन्सिलीसारखे पडलेले असे. ती नऊ-दहा वर्षांची असताना शाळेत बँड सुरू झाला. शिकवायला लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार येत. ती विचारायला आली, तेव्हा मी बालरोगतज्ज्ञाच्या ऐटीत म्हणालो, "फुंकायचे वाद्य घे. फुगे फुगवण्यापेक्षा बरे. श्वासाला व्यायाम होईल."

वाद्य फुंकल्याने दमा बरा होतो, असा भक्कम पुरावा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. तिचा दमा आटोक्यात आला तो नियमित इन्हेल्ड स्टेरॉइडने आणि वाढत्या वयाने. पण हवालदारांनी तिच्या हातात ट्रॉम्बोन दिला आणि तो काही तिच्या हातून सुटला नाही. या वाद्याला सात ठिकाणे असतात. प्रत्येक ठिकाणी स्लाइड पुढे नेली की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. तिचा हात सहाव्या ठिकाणीच संपत असे. सातव्यासाठी ती खांदा पुढे काढून जवळजवळ खुर्चीतून उठे, आणि आम्ही हसत असू.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून सांगतो. सिझेरियनसाठी रात्री-अपरात्री बोलावणे आले की मी जात असे आणि पहाटे परतत असे. एकदा तिने विचारले, "बाबा, बाळाला काय झालं होतं?" मी म्हणालो, "काही नाही. लगेच रडलं." "मग तुम्ही काय केलंत?" "काही नाही. उभा होतो." तिला हे फार विनोदी वाटले. रात्रभर जागून काही न करता उभे राहण्याचे पैसे मिळतात, हे तिने शाळेत सगळ्यांना सांगितले होते.

बारावीनंतर तिने वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली नाही. तोवर दर पंधरवड्याला चोर्ला घाट उतरून पणजीला शिकवणीला जाणे, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी-परीक्षा, हे सारे मी छंद म्हणून चालवून घेतले होते. २०१८ मध्ये तिला मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये चार वर्षांच्या बॅचलर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, काही शिष्यवृत्तीही मिळाली. उरलेल्या शुल्काचा आकडा एका मित्राला सांगितला, तर तो म्हणाला, "एवढ्यात आपल्याकडे खासगी कॉलेजात एखादी सीट आली असती." तरी मी तिला जाऊ दिले. चार वर्षांत हौस फिटेल, परत येईल, एखाद्या शाळेत शिकवील, असा माझा हिशेब होता. मधल्या काळात करोना आला. मी इथे पीपीई किटमध्ये आणि ती तिथे एका खोलीत, वाद्याच्या तोंडाशी म्यूट खोचून वाजवीत होती. तेव्हा प्रत्येक फुंकर संशयित ठरली होती. पुढे २०२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांची मोजमापे प्रसिद्ध झाली. पितळी वाद्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण साधारण श्वासोच्छ्वासाइतकेच असतात आणि मोठ्याने बोलण्या-गाण्यापेक्षा कमी, असे त्यांत दिसले. तो लेख मीच तिला पाठवला. माझ्या विषयाचा तिच्या विषयाशी संबंध आलेला तो पहिला प्रसंग.

२०२२ च्या जानेवारीत तिचा फोन आला. "बाबा, मास्टर्सला अर्ज केला होता. जागा मिळाली. अजून दोन वर्षं." मी म्हणालो, "चार वर्षे शिकलीस ना? अजून वाजवता येत नाही का?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एमबीबीएस झाल्या झाल्या तुम्ही एकट्याने एनआयसीयू सांभाळला असता का?" मला राग आला, कारण उत्तर मला माहीत होते. त्यानंतर काही महिने आमचे बोलणे तिच्या आईमार्फत होत राहिले. 'जेवली का विचार', 'पैसे पोचले का विचार', एवढेच.

ज्या संस्थेत ती होती, तिच्याविषयी थोडे सांगतो. युरोपात अशा शिक्षणसंस्थेला कॉन्झर्व्हेटॉयर म्हणतात. विद्यापीठाच्या संगीत विभागात संगीताचा अभ्यास होतो, कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये वादक घडवले जातात. मेडिकल कॉलेज आणि जीवशास्त्राचा विभाग यांत जो फरक, साधारण तोच. चार्ल्स हॅले यांनी १८९३ मध्ये मँचेस्टरला संगीत महाविद्यालय काढले. १९७३ मध्ये त्याचे नॉर्दर्न स्कूल ऑफ म्युझिकशी एकत्रीकरण होऊन आजची संस्था उभी राहिली. हॅले यांनीच १८५८ मध्ये स्थापलेला वाद्यवृंद आजही त्या शहरात आहे. शिवाय उत्तर इंग्लंड हा ब्रास बँडचा मुलूख. कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या यांच्या कामगारांनी उभे केलेले बँड तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. पितळी वाद्याला तिथे कुणी हसत नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात नवीन असे फार काही शिकवत नाहीत, हे ऐकून मी आधी चकित झालो होतो. दर आठवड्याला मुख्य गुरूंकडे एकट्याचा तास असतो, आणि हे गुरू बहुधा एखाद्या वाद्यवृंदातले चालू वादक असतात. पितळी वाद्यांच्या पंचकात वाजवायचे, मोठ्या वाद्यवृंदात बसायचे, शेवटी स्वतःचा एकल कार्यक्रम द्यायचा. पण खरा भर असतो तो निवडक तुकड्यांवर. मोत्झार्टच्या रेक्विएममधील एकल, रोसिनीच्या विल्यम टेलमधले वादळ, रॅव्हेलच्या बोलेरोतील उंचीवरची सुरावट, माहलरच्या तिसऱ्या सिंफनीतले दीर्घ स्वगत. प्रत्येक तुकडा दीड-दोन मिनिटांचा किंवा त्याहूनही लहान. वाद्यवृंदाच्या निवडचाचणीत हेच विचारतात, म्हणून सरावासाठी पडद्याआड बसवून नकली चाचण्या घेतात. तिच्या शब्दांत सांगायचे तर, पदवी म्हणजे तो तुकडा वाजवता येणे. पदव्युत्तर म्हणजे रात्री प्रवास करून, जेवण चुकलेले असताना, कुणी आपल्याला पाहत नसताना, पहिल्याच फुंकरीत तो वाजणे. आपल्या रेसिडेन्सीची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

आणखी एका बाबतीत आमच्या घरातल्या वृद्ध मंडळींना फार आनंद झाला. ट्रॉम्बोनला पडदे नाहीत, कळा नाहीत. स्लाइडची जागा कान ठरवतो. थोडक्यात, हे मींडेचे वाद्य आहे. एवढेच नव्हे, तर जगभरचे ट्रॉम्बोनवादक ज्या पुस्तकावर वाढतात ते मुळात गायनाचे आहे. मार्को बोर्दोन्यी हे एकोणिसाव्या शतकातले इटालियन गायनशिक्षक. त्यांनी गळ्यासाठी लिहिलेले पाठ बोस्टन सिंफनीतील ट्रॉम्बोनवादक जोआनेस रोशू यांनी १९२८ मध्ये या वाद्यासाठी उतरवले. आधी गाऊन बघ, मग फुंक, अशीच तिथे शिकवण्याची रीत आहे. माझ्या आईने हे ऐकून एवढेच म्हटले, "मग यात परके ते काय आहे?"

आता थोडे आपल्या क्षेत्रातले. पितळी वाद्यात आवाज पितळेचा नसतो, तो ओठांचा असतो. माउथपीसच्या कड्यात ओठांच्या थोड्याशा मांसल भागाचे कंपन होते आणि सुमारे पावणेतीन मीटर लांबीची नळी ते मोठे करते. ट्रम्पेटच्या वरच्या पट्टीत तोंडातील दाब शंभर मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे जातो. तो सगळा भार ऑर्बिक्युलॅरिस ओरिस या एका गोल स्नायूवर आणि त्याला बांधलेल्या गालांच्या लहान स्नायूंवर. त्यामुळे पियानोवादक सहा-आठ तास बसू शकतो, पण पितळी वादकाला दिवसाकाठी तीन-चार तासांच्या पुढे जाता येत नाही, आणि तेही चाळीस मिनिटे वाजव, तेवढेच थांब, असे तुकडे पाडून. थांबण्याची शिस्त हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग आहे. ती न पाळली तर काय होते, याची नोंद आपल्या साहित्यात आहे. ट्रम्पेटवादकांत हा स्नायू फाटण्याच्या विकाराला १९८२ मध्ये प्लॅस्टिक सर्जरीच्या नियतकालिकात लुई आर्मस्ट्राँग यांच्या टोपणनावावरून 'सॅच्मो सिंड्रोम' असे नाव मिळाले. त्याहून भीतिदायक म्हणजे ओठांचा फोकल डिस्टोनिया. खाताना, बोलताना ओठ ठीक, फक्त वाद्य लावले की आज्ञा पाळेनासे होतात. तपासणीत काही सापडत नाही आणि कारकीर्द मात्र संपते.

फुप्फुसांचीही एक गोष्ट आहे. २०१० मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात एका व्यावसायिक ट्रॉम्बोनवादकाची केस आली होती. पंधरा वर्षे खोकला, कारण सापडेना. शेवटी ते वाद्याच्या आत वाढलेल्या मायकोबॅक्टेरियम आणि बुरशीत सापडले. निदान हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. वाद्य नियमित स्वच्छ होऊ लागले आणि खोकला गेला. ही केस मी त्याच दिवशी मुलीला पाठवली आणि खाली लिहिले, 'दर आठवड्याला आतून धुणे.' तिने उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला. बोलणे पुन्हा सुरू झाले, ते असे.

कानांचे म्हणाल तर, ट्रॉम्बोनची रांग बहुधा ट्रम्पेटच्या शेजारी आणि ढोलांच्या पुढे बसते. ब्रिटनचा २००५ चा कामाच्या जागी होणाऱ्या आवाजाविषयीचा कायदा संगीतक्षेत्राला २००८ पासून लागू झाला. ८५ डेसिबलच्या पातळीपासून कानांचे संरक्षण ही मालकाची जबाबदारी ठरते. आपल्याकडे मिरवणुकीत बँड आणि डीजेच्या मागे चालणाऱ्या मुलांचे कान कुणाच्या जबाबदारीत येतात, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवून पुढे जातो.

२०२४ च्या जानेवारीत, रात्री साडेअकराला, तिचा फोन आला. या वेळी आईला नव्हे, मला. "बाबा, वरचा ओठ सुजलाय. डाव्या बाजूला बधिर वाटतंय. दोन दिवस वरचे सूर फुटतायत." त्या महिन्यात तिने दोन जास्तीचे कार्यक्रम घेतले होते, हे मग कळले. मी तपासण्याच्या स्थितीत नव्हतो. हजारो मैलांवरून प्रश्न विचारत होतो : गाठ लागते का, शिट्टी वाजते का, पाणी ओघळते का, सकाळी बरे असते का. विचारता विचारता माझ्या लक्षात आले की माझा घसा कोरडा पडला आहे. ज्या वाद्याने ती परत यावी असे मी सहा वर्षे मनात म्हणत होतो, ते वाद्य सुटण्याची वेळ समोर उभी असताना ते सुटू नये एवढेच मला वाटत होते. मला माझ्या मनाचा ठाव त्या रात्री लागला.

कलाकारांच्या आजारांसाठी तिथे १९८४ पासून एक स्वतंत्र संस्था काम करते. नाव ब्रिटिश असोसिएशन फॉर परफॉर्मिंग आर्ट्स मेडिसिन. तिथल्या डॉक्टरांनी तिला पाहिले. अतिवापर, स्नायू शाबूत, तीन आठवडे पूर्ण विश्रांती, मग दिवसाला पाच मिनिटांपासून पुन्हा सुरुवात. त्या तीन आठवड्यांत ती रोज बोर्दोन्यीचे पाठ गात होती आणि मला रोज एकदा फोन करीत होती. एके दिवशी ती रडवेली झाली, तेव्हा मी तिला आपल्या गावाजवळची गोष्ट सांगितली. सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांची. क्षयाने फुप्फुस खाल्ले. १९४८ मध्ये ते देवासला गेले, आणि काही वर्षे ज्या माणसाचे गाणे हेच जगणे होते त्याला गाण्याची बंदी झाली. उठल्यावर त्यांनी उरलेल्या श्वासाला साजेशी नवी गायकी घडवली, आणि आज कुणी त्यात उणीव ऐकत नाही, फक्त त्यांची शैली ऐकतो. ती म्हणाली, "आमच्याकडे अर्नोल्ड जेकब्ज होते ना, तसंच." हे नाव मला नवे होते. शिकागो सिंफनीत १९४४ ते १९८८ अशी चव्वेचाळीस वर्षे ट्यूबा वाजवणारा हा माणूस. सर्वांत जास्त हवा खाणारे वाद्य, आणि याची फुप्फुसांची क्षमता कमी, त्यात दमा. त्यांनी श्वसनाचे शरीरशास्त्र डॉक्टरांकडून शिकून घेतले, वादकांना तपासले आणि शेवटी दोनच शब्द शिकवले : गाणे आणि वारा. स्नायूंकडे लक्ष देऊ नका, मनात गाणे स्पष्ट ठेवा, श्वास त्याच्यामागे जाईल. एका दमेकरी मुलीच्या बापाला हे आधी कुणी सांगितले असते तर!

मार्चमध्ये तिच्या महाविद्यालयाच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. ती त्यात पुन्हा बसणार होती. मी दहा दिवस दवाखाना बंद ठेवला आणि पत्नीसह मँचेस्टरला गेलो. विमानतळावरून निघालेली गाडी ऑक्सफर्ड रोड नावाच्या स्थानकावर थांबते. त्याच रस्त्याने दक्षिणेकडे पंधरा मिनिटे चालले की तिचे महाविद्यालय. आणखी थोडे पुढे, विद्यापीठ ओलांडले की त्याच रस्त्यावर रॉयल मँचेस्टर चिल्ड्रन्स हॉस्पिटल. पावसात छत्री धरून मी त्या रुग्णालयासमोर बराच वेळ उभा राहिलो. एकाच रस्त्यावर दोन पीजी. इकडचे विद्यार्थी रात्रपाळी संपवून डोळे चोळत बाहेर पडत होते, आणि तिकडचे पाठीवर काळ्या पेट्या घेऊन आत शिरत होते. वय तेच, चालण्यातला थकवाही तोच.

कार्यक्रमात ब्राह्म्सची पहिली सिंफनी होती. सुमारे वीस वर्षे मनात घोळवून त्यांनी ती १८७६ मध्ये पूर्ण केली. चार भाग, पाऊण तास. मी मागे उंचावर बसलेली माझी मुलगी शोधली. मांडीवर वाद्य उभे, हात स्थिर. पहिला भाग झाला. तिने वाद्य उचलले नाही. दुसरा भाग झाला. नाही. तिसराही झाला. मी पत्नीकडे पाहिले, तिने माझ्याकडे. ओठाने पुन्हा दगा दिला की काय, हाच विचार दोघांच्या मनात होता. अर्धा तास तीन ट्रॉम्बोनवादक समोर नजर ठेवून, आवाज न करता, मात्रा मोजत बसले होते. चौथ्या भागात, हॉर्नची एक लांब हाक विरत असताना, मला तिची छाती वर येताना दिसली. तिघांनी एकदम श्वास घेतला. तो श्वास आमच्या जागेपर्यंत ऐकू आला. तीस वर्षे स्टेथोस्कोप लावूनही मी तितका भरलेला, मोकळा श्वास क्वचितच ऐकला असेल. आणि मग अतिशय मृदू, प्रार्थनेसारख्या चार-दोन ओळी. पहिल्या ट्रॉम्बोनला त्यात वरचा ए लागतो. अर्धा तास थंड बसलेल्या ओठांनी, हळुवार, पहिल्याच फुंकरीत. तो सूर फुटला तर लपवायला जागा नाही. तो लागला.

मला तेव्हा शस्त्रक्रियागृहाचा कोपरा आठवला. वॉर्मर चालू, लॅरिंजोस्कोपचा दिवा तपासलेला, टॉवेल गरम, आणि मी उभा. दहांपैकी नऊ वेळा बाळ रडते आणि आपण हात पुसून बाहेर येतो. पण ज्या वेळी ते रडत नाही, त्या वेळी पहिले मिनिटच आपले असते. माझ्या पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे त्या एका मिनिटासाठी होती आणि तिची दोन त्या एका श्वासासाठी. कार्यक्रमानंतर बाहेर भेटलो तेव्हा मला नीट बोलता येईना. मी कसेबसे विचारले, "अर्धा तास काय करत होतीस?" ती हसली. "काही नाही बाबा. बसले होते."

इथे लेख संपवला असता तर बरे झाले असते, परंतु डॉक्टरांच्या अंकात फॉलो-अप लपवणे योग्य नव्हे. जूनमध्ये तिने शेवटचा एकल कार्यक्रम दिला, पदवी मिळाली. नोकरी मात्र मिळालेली नाही. मोठ्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोनच्या सामान्यतः तीनच खुर्च्या असतात. मँचेस्टरमध्ये हॅले आणि बीबीसी फिलहार्मॉनिक, लिव्हरपूलमध्ये एक वाद्यवृंद, लीड्समध्ये एक ऑपेरा. सगळ्या उत्तर इंग्लंडचा हिशेब डझनभर जागांत संपतो, आणि बसलेला माणूस वीस-तीस वर्षे उठत नाही. जागा रिकामी झाली की चाचणीतून निवडलेल्यांना महिनोन् महिने अधूनमधून वाद्यवृंदात बसवून पाहतात, आणि मग एकाची निवड होते. आपण सुपरस्पेशालिटीच्या जागांविषयी तक्रार करतो ती या हिशेबापुढे लहान वाटते. सध्या ती आठवड्यातून काही दिवस मुलांना पितळी वाद्ये शिकवते आणि कुठे कुणी आजारी पडले तर बदली वादक म्हणून जाते. कधी फोन येतो, कधी येत नाही. माझी काळजी संपलेली नाही. बापाची काळजी पुराव्याने कमी होत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

बदलले आहे ते एवढेच. आता दवाखान्यात एखादा दमेकरी मुलगा सनई, बासरी किंवा शाळेच्या बँडातले वाद्य शिकू का विचारतो, तेव्हा मी 'श्वासाला व्यायाम होईल' असे म्हणत नाही. दमा आटोक्यात आहे ना, औषध नियमित आहे ना, वाद्य आतून स्वच्छ ठेवशील ना, हे विचारतो, आणि मग विचारतो की आवडते का. आणि स्नेहमेळाव्यात कुणी 'मुलीचे पीजी कशात?' असे विचारले, तर आवाज खाली न आणता सांगतो, "ट्रॉम्बोनमध्ये." पुढचा प्रश्न आलाच, तर माझ्याकडे सांगण्यासारखे बरेच असते. रांग मात्र थोडी लांबते, त्याबद्दल क्षमस्व.